ताम्हिणीचा ॲटलस पतंग आणि समुद्रातला मँटा: सारखं काय, वेगळं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रस्त्यावरचं एक कुटुंब जुलैत ताम्हिणीला मुक्कामाला गेलं होतं. सकाळी व्हरांड्याच्या भिंतीवर तळहाताहून मोठा, विटकरी रंगाचा पतंग बसलेला दिसला. सातवीतल्या मुलीने त्याच सुमारास टीव्हीवर मँटा रे हा मोठा, चपटा समुद्री मासा पाहिला होता. तिला दोघांचे पंख सारखे वाटले, म्हणून शाळेच्या प्रकल्पासाठी तिने हीच जोडी निवडली. वडील विचारतात: या दोघांचं काही नातं आहे का? मोठं कोण? पतंगाला तोंडच नसतं हे खरं का? आणि तिथल्याच एका झाडाखाली सापडलेला कोश त्यांनी पुण्याला आणला आहे, त्याचं आता काय करायचं?

मी एकतीस वर्षं पुण्यात महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातली वीसेक वर्षं पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणी भागात रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंगांच्या नोंदी केल्या. मासे मात्र मी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात आणि कोकणातल्या बंदरांवर, कोळणींच्या पाट्यांसमोर उभी राहून शिकले. त्यामुळे हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. मुलीने जोडी उत्तम निवडली आहे, तिला आधी हे सांगा.

आधी ओळख पटवून घेऊ. तुम्ही पाठवलेल्या फोटोतला पतंग ॲटलसच आहे. पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या, पुढच्या पंखाचं टोक वळलेलं आणि त्यावर डोळ्यासारखा ठिपका, एवढं दिसलं की दुसरं काही असू शकत नाही. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ साली या पतंगाला ॲटलस हे नाव दिलं. दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या ॲटलसला पुढे ॲटॅकस टॅप्रोबॅनिस असं वेगळं नाव मिळालं (ताप्रोबेन हे श्रीलंकेचं जुनं ग्रीक नाव), आणि सह्याद्रीतले ॲटलस आता त्यातच धरतात. प्रकल्पात ‘ॲटलस पतंग’ लिहिलं तरी चालेल. विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात ना, त्यांच्याच कुळातला हा.

मँटा म्हणजे कूर्चामीन. त्याच्या अंगात हाड नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या ताठ भागात असते तशा. शार्क, म्हणजे आपली मुशी आणि मोरी, हे त्याचे भाऊबंद. बाजारात येणारा पाकट तर अगदी जवळचा. पण पाकट आणि मँटा यांची गल्लत करू देऊ नका. पाकट तळाशी वाळूत अंग पसरून बसतो, शिंपले-खेकडे फोडून खातो, त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो, आणि कोळी तो काटा आधी तोडून मगच मासा पाटीत टाकतात. मँटा तळाशी बसत नाही. कल्ल्यांवरून पाणी वाहतं राहावं म्हणून त्याला जन्मभर पोहतच राहावं लागतं. डंख मारण्यासारखा काटा त्याला नाही, माणसाला तो काहीही करत नाही. मँटा या शब्दाचा स्पॅनिशमधला अर्थ पांघरूण. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने मासा वरून पाहिला असणार.

आता नातं. पतंग आणि मँटा यांचा शेवटचा समान पूर्वज पंचावन्न कोटी वर्षांहूनही आधी, समुद्रातच होता. त्याला पंख नव्हते, पर नव्हते, कणा नव्हता, मऊ अंगाचा एखादा कृमीसारखा जीव असावा. म्हणजे पंख दोघांनी आपापले, स्वतंत्रपणे कमावले. मुलीला हे पटवायचं तर पंखाच्या आत काय आहे ते दाखवावं लागेल, आणि प्रकल्पाचा गाभाही हाच असावा असं मला वाटतं.

मँटाचा ‘पंख’ म्हणजे छातीजवळचा पर. आपला हात आणि तो पर मुळात एकाच अवयवाची रूपं आहेत. त्याच्या आत कूर्चेच्या शेकडो बारीक कांड्या ओळीने लागलेल्या असतात, आणि वर-खाली मांसाचे जाड थर. मासळी बाजारात पाकटाचा पर कापताना पाहिलात तर या कांड्या पंख्याच्या काड्यांसारख्या स्पष्ट दिसतात. मी विद्यार्थ्यांना पुस्तकातली आकृती दाखवण्याआधी तेच दाखवत असे. आपण पाकटाचं कालवण खातो ते मुख्यतः याच पराचं मांस. म्हणजे इथे पंख हेच इंजिन.

पतंगाच्या पंखात मांसाचा कणही नाही. पापुद्र्यासारख्या दोन पातळ पडद्या एकमेकींना चिकटलेल्या, मधून शिरा, आणि वर कौलांसारखे रचलेले खवले, बोटाला लागते ती भुकटी. स्नायू सगळे छातीच्या डबीत. ते डबीचा आकार बदलतात, वरचं झाकण खाली-वर होतं आणि त्याला जोडलेले पंख हलतात. वल्ह्यात जोर नसतो, नावाड्याच्या खांद्यात असतो, तसं. म्हणून मेलेल्या पतंगाचा पंख वर्षानुवर्षं टिकतो आणि माशाचा पर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

मग दोघं दिसायला सारखे का? कारण दोघांपुढचं काम सारखं आहे. पाणी असो वा हवा, रुंद पृष्ठभागाने ती मागे-खाली ढकलायची आणि त्या बळावर पुढे जायचं. बहुतेक रे माशांच्या परांच्या कडेवरून लाट जाते, वाऱ्यावर धोतराचा सोगा हलतो तशी. मँटा तसं करत नाही. तो संपूर्ण पर वर नेतो आणि खाली आणतो, पक्ष्यासारखा. तुमच्या मुलीच्या डोळ्यांनी टिपलं ते हेच. वेगवेगळ्या वाटेने येऊन एकाच आकाराला पोहोचण्याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

मोठं कोण, याचं उत्तर एका वाक्यात संपतं: राक्षसी मँटाच्या परांची रुंदी ७ मीटरपर्यंत भरते, ॲटलसच्या पंखांची साधारण २४ सेंटिमीटर. पण त्यामागचं गणित मुलीकडून करून घ्या, सातवीच्या मुलीला ते सहज जमतं. ७ मीटर म्हणजे ॲटलसच्या सुमारे २९ पट. पतंग सगळ्या बाजूंनी २९ पट मोठा केला, तर पंखांचं क्षेत्रफळ २९ गुणिले २९, म्हणजे ८४१ पट होईल. वजन मात्र २९ तीनदा गुणून, २४ हजारांहून जास्त पट. पतंगाचं वजन ५ ग्रॅम धरलं तरी तो १२० किलोच्या वर गेला. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आता आधीच्या २९ पट ओझं. असा पतंग जमिनीवरून उठणार नाही. शिवाय कीटक फुफ्फुसांनी श्वास घेत नाहीत, अंगावरच्या छिद्रांतून हवा बारीक नळ्यांनी आत झिरपते, आणि एवढ्या मोठ्या अंगात ती खोलवर पोहोचणार नाही.

मँटाचं वजन टनाच्या वर जातं, तरी तो तरंगल्यासारखा जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे आणि त्याचं बहुतेक वजन पाणीच पेलतं. बऱ्याच माशांना असते तशी हवेची पिशवी त्याला नाही, त्या जागी तेलकट यकृत आहे, उरलेलं काम परांचं. म्हणून आकाराची तुलना करताना ‘मँटा मोठा’ एवढंच लिहून थांबू नका. हवेत राहायचं ठरवलेल्या कीटकाला आकाराची हद्द फार लवकर येते आणि ॲटलस त्या हद्दीजवळ जाऊन उभा आहे. म्हणून तो उडतोही जड, डोळ्यांना पंखाचा प्रत्येक झोका दिसावा इतका सावकाश.

तोंडाबद्दल तुम्ही ऐकलंत ते जवळजवळ खरं आहे. ॲटलसच्या तोंडाचे अवयव खुरटलेले असतात, त्यांनी काही खाता-पिता येत नाही. सगळं खाणं अळीच्या वयात उरकलेलं असतं. दालचिनी, पेरू, लिंबाच्या जातीची झाडं, महारूख, अशा कितीतरी झाडांची पानं ती अळी खाते, बोटभर लांब आणि अंगठ्याहून जाड होते, अंगावर पिठासारखी पांढरी पूड. तेव्हा साठवलेल्या चरबीवर पतंगाला एक-दोन आठवडे काढायचे असतात. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. मादी बसल्या जागेवरून गंध सोडते. नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी असतात, त्या गंधाचा माग काढत तो वाऱ्याच्या उलट दिशेने येतो. फोटोतल्या पतंगाच्या मिशा मला बऱ्याच बारीक दिसल्या, म्हणून ती मादी असावी.

मँटाचं उलट. तो आयुष्यभर खातच राहतो, आणि एवढं मोठं जनावर प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जीवांवर जगतं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना सुरळी करून ठेवलेली ‘शिंगं’ असतात. खाताना ती उलगडून तो त्यांचा फनेल करतो आणि पाणी तोंडाकडे वळवतो. पुढे कल्ल्यांजवळ गाळणी. आपली चहाची गाळणी थोड्या वेळात तुंबते, पुरणयंत्राची चाळणीही मध्येच खरवडावी लागते. मँटाची गाळणी तुंबत नाही. २०१८ साली संशोधकांनी यामागचं कारण दाखवून दिलं: त्याच्या गाळणीची भोकं प्लवकांपेक्षा मोठी आहेत, तरी प्लवक त्यातून पडत नाहीत. पट्ट्यांवर आदळून ते उसळतात आणि मधल्या प्रवाहात परत येतात, पाणी तेवढं भोकांतून निघून जातं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी वर्गात ठरलेला धडा बाजूला ठेवून हेच शिकवलं होतं.

एक साम्य मात्र खरोखरचं आहे आणि ते फारसं कुणी लिहीत नाही. कोशातून बाहेर पडणाऱ्या ॲटलसचे पंख चुरगळलेले, ओले, अंगाला चिकटलेले असतात. तो उंचावर जाऊन लटकतो, शिरांमधून अंगातला द्रव पंखांत ढकलतो, आणि तासा-दोन तासांत पंख ताणून सरळ होतात. मँटाचं पिल्लूही आईच्या पोटातून बाहेर येतं तेव्हा त्याचे पर अंगाभोवती गुंडाळलेले असतात. बाहेर पडलं की ते उलगडतं आणि पोहू लागतं. दोघांनाही अरुंद वाटेने जगात यायचं आहे आणि रुंद पंखांनी जगायचं आहे, म्हणून दोघंही घडी घालून येतात.

पण ते पिल्लू एकटंच असतं. मँटाची मादी वर्षभराहून जास्त काळ गर्भ वाहते. नाळ नसते, गर्भाशयातच स्रवणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पिल्लू वाढतं, आणि जन्मतःच ते दीड मीटरच्या आसपास रुंद असतं. दोन पिल्लांमध्ये २ ते ५ वर्षांचं अंतर. ती वयात यायलाच आठ-दहा वर्षं लागतात. समजा एखादी मादी ३० वर्षं पिल्लं देत राहिली, तर आयुष्यभरात ६ ते १५. ॲटलसची मादी दोन-चार रात्रींत शंभराहून जास्त, कधी दोनशेच्या वर अंडी घालते, आणि त्यातली बहुतेक मुंग्या, पक्षी आणि परजीवी माश्यांच्या पोटात जाणार हे ठरलेलंच असतं.

या जोडीची खरी तुलना मला इथे दिसते, आणि मुलीने प्रकल्पात सर्वांत जास्त जागा याला द्यावी असं मी सांगेन. कारण कुणाला कशाने इजा होते, ते यावरून कळतं. मँटाच्या एका टापूतून वर्षाला दहा मोठ्या माद्या जाळ्यात गेल्या, तर तो कळप आपल्या हयातीत भरून निघत नाही. कल्ल्यांतल्या त्याच गाळणीच्या पट्ट्या वाळवून पूर्व आशियात औषध म्हणून विकल्या जातात, त्यासाठी मँटा मारले गेले. २०१३ साली मँटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, तरी राक्षसी मँटा आज संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला वाचवायचं म्हणजे एकेक प्रौढ मासा वाचवायचा.

ॲटलसचे दहा पतंग पक्ष्यांनी खाल्ले म्हणून जंगलातून ॲटलस संपत नाही. पण त्या डोंगरउतारावरची झाडं तोडून बंगल्यांसाठी जागा सपाट केली, की पुढची पिढीच उरत नाही. मुळशीच्या बाजूला ज्या उतारांवर मी सुरुवातीच्या काळात पडदा लावायचे, त्यातले काही उतार आता आवारभिंतींच्या आत गेले आहेत. दिवे रात्रभर चालू असतात. मला याचं फार वाईट वाटतं.

दिव्यावरून आठवलं. हवाईच्या कोना किनाऱ्यावर पाण्यात दिवे सोडले की प्लवक गोळा होतात, आणि त्यांच्यामागून मँटा येऊन कोलांट्या घेत खातात. दिवा मँटासाठी जेवणाचं ताट ठरतो. पतंगासाठी तोच दिवा सापळा. २०२४ साली अतिवेगवान कॅमेऱ्यांनी याचा चांगला उलगडा झाला. पतंग दिव्याच्या प्रेमात वगैरे पडत नाहीत. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ, म्हणून उजेडाकडे पाठ ठेवली की वर कुठे आणि खाली कुठे हे कळतं. दिवा बाजूला असला की पाठ तिकडे वळते, पतंग तिरपा होतो आणि फिरत राहतो. सगळेच कीटक असे अडकत नाहीत हेही त्याच अभ्यासात दिसलं. आपल्याकडे कण्हेरीवर ज्याची अळी सापडते तो हिरवा कण्हेर-पतंग दिव्याजवळून सरळ निघून गेला. ॲटलस मात्र दिव्याला येतो. तुमच्या मुक्कामाच्या जागी तो भिंतीवर सापडला तो बहुधा व्हरांड्यातल्या दिव्यामुळेच.

पंखाच्या त्या टोकाबद्दलही मुलीने विचारलं आहे. ते टोक नागाच्या डोक्यासारखं दिसतं आणि पक्षी बिचकतात, हे स्पष्टीकरण तुम्ही वाचलं असेल. दिवसा ते लागू पडत असेल. पण पतंग उडतो रात्री, आणि रात्रीचा शत्रू वटवाघूळ. ते आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतं. ॲटलसला कान नाहीत, त्याला वटवाघूळ येतंय हे कळतच नाही. २०२१ साली असं दाखवलं गेलं की पंखाचं ते दुमडलेलं, सुरकुतलेलं टोक अंगापेक्षा जोरदार प्रतिध्वनी परत पाठवतं. वटवाघूळ टोकावर झडप घालतं, तुकडा जातो, जीव वाचतो. पडद्यावर येणाऱ्या ॲटलसचं पंखाचं टोक तुटलेलं असणं मी कितीतरी वेळा नोंदवलं आहे, त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी लागला.

पावसाचाही एक धागा आहे. सह्याद्रीत ॲटलस दिसायला लागतो तो पाऊस सुरू झाल्यावर. त्याच नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत मालदीवमधल्या हनिफारू उपसागरात प्रवाहांबरोबर प्लवक साचतात आणि रीफ मँटा, म्हणजे मँटाची थोडी लहान जात, शेकड्याने तिथे जमतात. मुलीने नकाशा काढला तर वाऱ्याचा एकच बाण दोन्ही ठिकाणांना स्पर्शून जाईल.

आता तुमच्याकडचा कोश. हाताने दाबून किंवा कानाशी हलवून पाहू नका. हातात हलका, पोकळ लागला आणि वरच्या टोकाला भोक असलं, तर पतंग आधीच गेलेला आहे. मग तो कोश खुशाल प्रकल्पाच्या वहीला लावा. वजन लागत असेल तर आत जीव आहे. तो घरी फुटू देऊ नये असं माझं मत आहे, आणि कारण वर आलंच: बाहेर पडल्यावर त्याच्यापाशी एक-दोन आठवडेच आहेत आणि खाऊन तो मुदत वाढवू शकत नाही. मादी निघाली तर सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये ती गंध सोडत राहील आणि वासाच्या टप्प्यात एकही नर नसेल.

येत्या रविवारी कोश परत ताम्हिणीला न्या. बुटाच्या खोक्यात कोरडी पानं घालून ठेवा, गाडीत उन्हात राहू देऊ नका. ज्या झाडाखाली सापडला त्याच झाडाच्या फांदीला, तुमच्या खांद्याच्या उंचीवर, कोशाच्या देठाला सुती दोरा बांधून टांगा. जमिनीवर ठेवलात तर मुंग्या लागतील. देठ वरच्या बाजूला हवा, आणि कोशाखाली हातभर जागा मोकळी हवी, म्हणजे बाहेर आल्यावर पंख लोंबकळत सुकायला अडथळा येणार नाही. जाण्याआधी तोपर्यंतचे दिवस घरात तो सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा मारा. आणि त्याआधीच एखाद्या पहाटे तो फुटलाच, तर पंख पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका, घरातला दिवा बंद ठेवा, आणि त्याच संध्याकाळी त्याला खोक्यात घेऊन घाटाकडे निघा.